आतली कावीळ

कुशाबा तसा हसतमुख माणूस. पण त्या दिवशी तो माझ्या दारात हसत उभा राहिला तेव्हा ते हसू मला खरं वाटलं नाही. जन्मभर तोंडाला रंग लावून उभा राहिलेला मी. कोण मनापासून हसतो आणि कोण हसू घरून घालून येतो, एवढं मला कळतं. १९८६ सालचा जुलै महिना होता. महाडला माझ्या खोलीसमोरच्या रस्त्यावर घोटाभर पाणी होतं आणि हा गडी बिरवाडीहून त्या पाण्यातून आला होता.

छत्री मिटायच्या आधीच त्याने विचारलं, "बायको, माझ्या डोळ्यांत बघ जरा. पिवळे दिसतात काय?"

मी येसाजी, त्याची बायको कसा झालो ते आधी सांगायला हवं. आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. एस.टी.तून उतरलं की सव्वा तासाची चढण. मे महिन्यात मुंबईकर मंडळी रजेवर आली की वाडीत नाटक व्हायचं. लुगड्यांचा पडदा, भाताच्या पेंढ्यावर बसलेली माणसं, आणि बायका स्टेजवर येत नसत म्हणून त्यांची कामं माझ्याकडे. अंग शेलाटं, आवाज बारीक. बहात्तर साली आम्ही दारूबंदीचं नाटक केलं. दारुड्या कुशाबा आणि त्याची सोसणारी बायको मी. काय काम केलं होतं त्याने! नुसता चालत आला तरी पुढच्या रांगेला वास आल्यासारखं व्हायचं. तेव्हापासून मी त्याला धनी म्हणायचो आणि तो मला बायको. चाळिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं.

ती चाल त्याने थोरल्या भावाची उचलली होती. मुरारी मुंबईत गिरणीत होता आणि मुरारी खरोखर पीत होता. नाटकाला तो पुढेच बसला होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. तीन वर्षांनी त्याला मुंबईहून वाडीत आणला तो डोलीतून. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, पाय काटक्यांसारखे, डोळे हळदीचे. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या तेव्हा बादली धरून कुशाबा बसला होता. त्यानंतर दारुड्याचं काम त्याने पुन्हा कधी केलं नाही.

आणि स्वतः त्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पंचशील सगळेच म्हणतात. कुशाबा पाळायचा. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात दर शनिवारी ग्रंथवाचन चालतं. वाचायला कुशाबा बसायचा. त्याचा आवाज भिंतीपर्यंत न ओरडता पोचायचा.

म्हणून त्या दिवशी मी त्याला उजेडाकडे वळवलं, पापणी खाली ओढली आणि म्हटलं, "पांढरेशुभ्र आहेत. झालं काय?"

तो खाली बसला. बसताना पोट आडवं आलं म्हणून हात मागे टेकून बसला, हे मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं.

"कंपनीत डॉक्टर आला होता. वर्षाची तपासणी," तो म्हणाला. "तीस माणसं शर्ट काढून लायनीत उभी. माझ्या बरगडीखाली बोटं घातली आणि म्हणतो, लिव्हर सुजलंय, चार बोटं खाली लागतंय, किती पितोस? मी म्हटलं, साहेब, थेंब नाय. तर हसला. म्हणतो, सगळे असंच सांगतात."

"मग?"

"मागून कोण तरी बोलला, काय रे कुशाबा, एकटाच पितोस? आमाला पण दाव की अड्डा. सगळी लाईन हसली. मी पण हसलो." त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मुंबईला मोठ्या इस्पितळात जाऊन तपासून घ्या, असं त्यावर लिहिलं होतं. "बायको, लोक काय म्हणतात ते मरू दे. पण मुरारीचं असंच सुरू झालं होतं. लिव्हरच म्हणाले होते."

"अरे, पण तू पीत नाहीस."

"तेच तर. पिणाऱ्याला कळतं तरी कशानं मरतो ते."

मी म्हटलं, उद्याच मुंबईला जाऊ. त्याने मान हलवली. "मुरारी मुंबईच्याच इस्पितळात होता. परत कसा आणला ते तू बघितलास." कागद पुन्हा चार घड्यांत गेला.

इथे मला चार वर्षं मागे जायला हवं. ब्याऐंशी सालापर्यंत कुशाबाने डोंगर उपसला. रानातली लाकडं, रस्त्याची खडी, पावसात लावणी. सकाळी नाचणीच्या दोन भाकऱ्या, दुपारी भाताचा डोंगर, संध्याकाळी पुन्हा भात, वर सुकटीचं कालवण. खाल्लेलं दिवस मावळेपर्यंत अंगात टिकायचं नाही. मग बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात त्याचं काम लागलं. सहावी पास, अक्षर सुंदर, म्हणून त्याला वजनकाट्यावर बसवलं. ट्रक काट्यावर चढला की आकडा वाचायचा आणि चिठ्ठी लिहायची. फाटकाशेजारी पत्र्याची टपरी, आत लाकडी खुर्ची. आयुष्यात पहिल्यांदा माणूस सावलीत बसून कमवायला लागला.

काट्यावरच्या माणसाला चहा पाजायचा ही ड्रायव्हर लोकांची रीत होती. लाच नव्हे, रीतच. गाडी रांगेत उभी राहिली की खाली उतरायचं, चहाच्या गाड्यावरून दोन ग्लास आणायचे, एक स्वतःला, एक काटेवाल्याला. दिवसाला आठ-दहा ग्लास, साखरेने ओठ चिकटावेत असे. सोबत कधी वडा, कधी खारी, कधी शेवेची पुडी. नाही म्हटलं तर ड्रायव्हरला वाटायचं, वजनात काही वाकडं आहे. म्हणून कुशाबा कुणाला नाही म्हणायचा नाही.

खोली बिरवाडीतच भाड्याने घेतली होती. कंपनीची गाडी कोपऱ्यावर यायची. कोपरा दाराहून पंचवीस पावलांवर. जेवण मात्र खडी फोडणाऱ्याचंच राहिलं, उलट वाढलं. त्याची बायको प्रयागबाई हिने लेकरांना कंदमुळं उकडून घातलेले पावसाळे पाहिले होते. डबा भरून भात, वर तेलाचा तवंग आलेली आमटी, रविवारी मटण, आणि दुपारपाळी नसली की जेवून झोप. नवऱ्याला दोनदा आग्रह करता येतो, यात तिचं सगळं सुख होतं. तो अंगाने भरला. गाल आले, मग पोट आलं. वाडीत गेलं की लोक म्हणायचे, कुशाबाला कंपनी मानवली हो. मीही म्हणालो होतो. "धनी, आता तुम्हाला राजाचं काम द्यायला हरकत नाही," असं म्हणून मी त्याच्या पोटावर थाप मारली होती. ती थाप मला आजही हाताला लागते.

असो. मुंबईला जायचं नाही म्हटल्यावर उपचार घरात सुरू झाले.

प्रयागबाईच्या शेजारच्या खोलीत मंजुळा नावाची बाई राहायची, तिचाही नवरा कारखान्यात. तिने पहिल्या दिवशीच निकाल दिला.

"लिव्हर म्हणजे कावीळ गो, दुसरा काय."

"डोळं तर पांढरं हायत," प्रयागबाई म्हणाली.

"मग आतली असंल. बाहेरची बरी, दिसते तरी. आतली वाईट."

आतली कावीळ! हे दोन शब्द प्रयागबाईच्या उरात जे रुतले ते निघेनात. आणि काविळीला काय करायचं हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. माणसाला उठू द्यायचं नाही. तेल, तिखट, मीठ बंद. उसाचा रस, ग्लुकोज, खडीसाखर, जितकं पोटात जाईल तितकं. कुशाबाने रजा टाकली आणि खाटेवर आडवा झाला. पावसाळ्यात रसाची गुऱ्हाळं बंद, तर प्रयागबाईने महाडच्या बाजारातून ऊस आणला, उखळात कुटला आणि फडक्यातून पिळून पितळी तांब्या भरला. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. भातावर आमटीऐवजी साखर. भेटायला येणारा प्रत्येक जण ग्लुकोजचा डबा किंवा केळी घेऊन यायचा. कोणी जवळच्या सव गावी नेऊन उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात, बुडवा म्हणालं. तेही एकदा करून झालं. रिक्षाने नेला, रिक्षाने आणला.

मग तिने चंद्रभागेला बोलावलं. ही पोलादपूरकडची म्हातारी. काविळीवर झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून माळ देते, अशी तिची ख्याती. माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, कानांवरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर. कुशाबा बुद्धाचा माणूस, गंडेदोरे त्याने कधी बांधले नव्हते. तो नको म्हणाला. चंद्रभागा फिस्कारली, "देवाची नाय रे बाबा ही, पाल्याची हाय. पाल्याला कसला धरम?" प्रयागबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने डोकं पुढे केलं.

"नऊ दिवसांत गळ्यात आली पाहिजे," म्हातारी म्हणाली. "नाय आली, तर मग माझ्या हातात काय नाय."

मी बिरवाडीला गेलो तो माळ ठेवल्याचा चौदावा दिवस होता.

खोलीत कोंदट, गोडूस वास भरून राहिला होता. खाटेवर कुशाबा उताणा. तीन आठवड्यांत त्याचं पोट आणखी वर आलं होतं. चेहरा सुजल्यासारखा, पाय पांघरुणाबाहेर आलेले, आणि कपाळावर ती माळ. गळ्यात नाही, कानांवरही नाही. ठेवली होती तिथेच, मुकुटासारखी. मी कित्येक राजे रंगवलेले पाहिले, पण इतका भेसूर राजा कधी पाहिला नव्हता. क्षणभर मला खाटेवर मुरारीच दिसला.

"आलीस, बायको?" त्याचा भिंतीपर्यंत पोचणारा आवाज खाटेच्या कडेशीच संपला. "बरं झालं. विहारातल्या कपाटाची किल्ली माझ्या पिशवीत हाय. पुढच्या शनिवारी वाचायला दुसरा कोण तरी बघ. खुणेचा कागद घातलाय पानात."

"पुढच्या शनिवारी तूच वाचशील."

"चार जिने चढल्यागत धाप लागते रे मुतायला उठलो तरी." त्याने माझा हात धरून बरगडीखाली ठेवला. "दाब. लागतंय ना? मुरारीचं पण हितंच."

मी दाबलं नाही. माझी हिंमत झाली नाही. हात नुसता ठेवला.

प्रयागबाई मला बाहेर पागोळ्यांखाली घेऊन गेली. पदराचा बोळा तोंडात धरून म्हणाली, "भावजी, माळ उतरत नाय."

"वैनी..."

"रस कमी पडतो काय? चार तांबे करू? सांगा ना. तुमी मुंबई बघितलीत, शिकलेल्यांत बसता. रोज रात्री मी हात लावून बघते, एक बोटभर तरी खाली आली काय. नाय येत."

मला तेव्हा काहीही कळत नव्हतं. आता कळतं की काड्या सुकतात, आकसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. आणि त्या पावसात, त्या ओल धरलेल्या खोलीत काय सुकणार होतं? पण तेव्हा त्या हिरव्या, दमट माळेकडे बघून माझीही खात्री झाली होती की कुशाबा चालला.

मी एवढंच म्हणालो, "वैनी, इथे ठेवला तर तो इथे जाईल. मुंबईला नेला तर निदान कशाने गेला ते कळेल."

फार वाईट वाक्य. पण तिला ते लागू पडलं. ती तडक आत गेली, कुशाबाच्या डोक्यावरची माळ दोन्ही हातांनी उचलली आणि दाराबाहेर चिखलात टाकली.

"उठा. मुंबईला जायचं."

"आणि तिकडंच मेलो तर?"

"तर आणीन परत. मुरारीभावजींना आणला तसा आणीन. पण आधी चला."

मुंबईच्या इस्पितळात तीन दिवस गेले. रक्त काढलं. पोटावर गार मलम फासून एक यंत्र फिरवलं. सोनोग्राफी तेव्हा नवी होती. टीव्हीसारख्या पडद्यावर माणसाच्या आतलं दिसतं, एवढं आम्ही ऐकून होतो. अंधाऱ्या खोलीत कुशाबा निजला होता आणि त्या पडद्यावर करड्या-पांढऱ्या ढगांखेरीज मला काही दिसत नव्हतं. प्रयागबाईने माझी बाही धरली होती. "ते पांढरं ते काय?" ती कुजबुजली. मी उगीच म्हणालो, "पांढरं ते चांगलं." चुकीचं होतं ते.

चौथ्या दिवशी गांगल नावाच्या डॉक्टरांसमोर बसलो. पन्नाशीचे, थकलेले, पण ऐकून घेणारे. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"दारू किती घेता?"

"थेंब नाय," कुशाबा म्हणाला आणि मान खाली घालून हसण्याची वाट बघू लागला.

डॉक्टर हसले नाहीत. "बरं. काम काय करता? खाता काय? सकाळपासून सांगा."

सांगायला प्रयागबाई सरसावली. आपण हयगय केली नाही हे तिला दाखवायचं होतं. नोकरीतला चहा, वडे, डबा तिने एका दमात सांगितलं, आणि मग अभिमानाने, "पण तीन आठवडं झालं, साहेब, तेल-तिखटाला शिवू दिला नाय. खाटंवरून उठू दिला नाय. रोज तीन तांबे उसाचा रस. ग्लुकोज येगळा. भातावर साखर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्यांना कावीळ नाही. कधीच नव्हती. यकृतावर चरबी चढली आहे. दारूने चढते तशी न पिणाऱ्यालाही चढते. बसून राहायचं, कष्टकऱ्याएवढं खायचं आणि वर दिवसभर गोड, असं झालं की शरीर उरलेलं कुठे तरी साठवतं. ह्यांनी चार वर्षं साठवलं. आणि तुम्ही ह्या तीन आठवड्यांत..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तो भला माणूस होता.

पण प्रयागबाईने ते पुरं केलं. "मी पाजला," ती म्हणाली. "माज्या हातानं कुटून पाजला."

"हे मुरारीसारखं होणार काय?" कुशाबाने विचारलं. मुरारी कोण हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

"आज तसं काही दिसत नाही," ते म्हणाले. "पण खोटा धीर देणार नाही. असंच चालू राहिलं तर काहींचं यकृत पुढे कडक होत जातं, आणि मग दारू प्यालं काय, न प्यालं काय, शेवट सारखाच. रक्तात साखरही काठावर आहे. ह्याला गोळी नाही. चालायचं, रोज, घाम येईपर्यंत. साखर बंद. भात निम्मा. वजन उतरवायचं, पण हळूहळू. उपाशी राहून नाही. सहा महिन्यांनी या. मग सांगेन."

सहा महिने! न्यायाधीशाने निकाल राखून ठेवावा आणि आरोपीला घरी पाठवावं, तसे आम्ही एस.टी.त बसलो.

पुढचे सहा महिने मी जवळून पाहिले. काट्यावर पहिल्या आठवड्यात तीन ड्रायव्हर रुसले. एक तर सरळ म्हणाला, "काय मास्तर, आमचा चहा कडू झाला काय?" कुशाबाने काय करावं? त्याने शर्ट वर करून पोट दाखवलं. "हे बघ. हितं तुझा चार वर्षांचा चहा हाय. अजून ठेवू?" तो ड्रायव्हर हसला खरा, पण नंतर आपलंच पोट चाचपत गाडीत चढला.

कंपनीच्या गाडीत तो बसेना. पहाटे उठून बिरवाडीच्या बाहेर नदीकडे चालत जायचा आणि तिथून चालतच फाटकावर. पहिल्या शनिवारी वाडीची सव्वा तासाची चढण चढायला त्याला तीन तास लागले. दर वळणावर तो बसायचा, ओठ काळपट व्हायचे, आणि मी मागे उभा राहून मनात म्हणायचो, आता हा इथेच पडणार. विहारात पोचला तेव्हा वाचन संपत आलं होतं. कोणी तरी सरकून जागा दिली, कोणी तरी शेजाऱ्याच्या कानाला लागलं. ते त्याने पाहिलं. पाणी प्यायला, ग्रंथ पुढे ओढला आणि उरलेली दोन पानं धापा टाकत वाचली.

सगळ्यांत कठीण गेलं ते प्रयागबाईला. एक दिवस मी जेवायला होतो. तिने कुशाबाच्या ताटात भाताचा एक डाव वाढला, दुसरा भरला, आणि हात तिथेच हवेत राहिला.

"बस," तो म्हणाला.

"एवढ्यानं काय होतंय? उपाशी मरशीला."

"भरल्या पोटी मरण्यापरीस बरा."

तिने डाव पातेल्यात टाकला आणि चुलीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला नुसता घालायचंच ठावं हाय. काढून घ्यायचं कोणी शिकवला नाय." कुशाबा जेवता जेवता थांबला. मग नाचणीची अर्धी भाकरी मोडून त्याने पालेभाजीला लावली आणि पहिला घास तिच्या पुढे धरला. मी होतो समोर, तरीही. ती लाजली आणि मी खाली बघितलं.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत आम्ही तिघे पुन्हा मुंबईला गेलो. कुशाबाचं अकरा किलो वजन उतरलं होतं, पण मुरारीही शेवटी सुकतच गेला होता, हे आमच्यापैकी कोणी बोललं नाही. गांगल डॉक्टरांनी त्याला निजवलं, श्वास घ्यायला सांगितलं, बोटं रुतवली, पुन्हा श्वास, पुन्हा बोटं. आम्ही दोघे भिंतीला टेकून.

"जेमतेम लागतंय," ते म्हणाले. "उतरलं आहे."

प्रयागबाईला ते पुरेसं नव्हतं. "गेला म्हणू काय, साहेब?"

"नाही. गेलं म्हणू नका. ते वाट बघत असतं. खुर्ची आणि गोड चहा परत आला की तेही परत येईल."

बाहेर येऊन कुशाबा इस्पितळाच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आनंदाने म्हणावं तर तसं नव्हतं. त्याला जन्मठेप झाली होती, फाशी टळली होती.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. कुशाबा काट्यावरूनच निवृत्त झाला आणि वर्षावासात वाचायला पुढेही तोच बसत राहिला. माणसं म्हणायची, कुशाबा काय ठणठणीत आहे, भीती म्हणून नाही त्याला. एकदा प्रयागबाईने मला खरं सांगितलं. रोज सकाळी जाग आली की तो अंथरुणात उताणाच राहतो. डावा हात डोक्याखाली, उजव्या हाताची चार बोटं बरगडीखाली. श्वास घेतो, दाबतो, थांबतो, पुन्हा दाबतो. तिला उठलेलं त्याला कळू नये म्हणून ती डोळे मिटून पडते, आणि पापण्यांच्या फटीतून त्याचं तोंड बघत राहते. तो उठून चपला शोधायला लागला, की मग ती डोळे उघडते.